माधवी, तुझा भूगोल आणि माझा इतिहास

माधवी,

परवा शाळेत तुझा फोटो लावला. प्रार्थना झाल्यावर मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "कुलकर्णी बाई म्हणजे एक शांत, मितभाषी व्यक्तिमत्त्व." दहावीच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण मला हसू यायला लागलं होतं आणि तुझ्या फोटोसमोर हसणं बरं दिसलं नसतं. 'खिडकी उघडा' एवढं सांगायलासुद्धा तुझा आवाज मधल्या सुट्टीच्या घंटेच्या वर जायचा. तू तिथे असतीस तर म्हणाली असतीस, "सर, कोणाबद्दल बोलताय नक्की?"

मग सगळे स्तब्ध उभे राहिले आणि त्या शांततेत माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

स्टाफरूममधली तुझी खुर्ची अजून कोणी घेतलेली नाही. टेबलावर पृथ्वीचा गोल तसाच आहे, आस मोडलेला, आफ्रिकेवर शाईचा डाग पडलेला. नवीन आलेल्या एका सरांनी तो कपाटात ठेवायला उचलला, तर मी त्यांच्यावर उगाचच खेकसले. नंतर वाईट वाटलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, की त्या गोलाच्या एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला मी अशा आपण इतकी वर्षं भांडत बसलो होतो.

तुझा विषय भूगोल, माझा इतिहास. तू म्हणायचीस, "रजनी, सगळं आधी उतारावर ठरतं. पाणी कुठे जातं ते बघ, म्हणजे गाव कुठे वसलं, शेत कुठे, बाजार कुठे, सगळं कळतं." मी म्हणायचे, "पाणी कुठे जातं ते उतार ठरवतो, पण ते कोणी प्यायचं ते माणसं ठरवतात." यावर तू डब्याचं झाकण आपटायचीस आणि मला तुझी लिंबाची फोड द्यायचीस. भांडणात खंड पाडायची ती तुझी रीत होती.

बदलापूर तुझं माहेर आणि सासरही. मी इथे उल्हासनगरहून आलेली. बाबा शहाडच्या कारखान्यात होते. आम्ही निर्वासितांच्या जुन्या कॅम्पात बराकीतल्या एका खोलीत राहायचो, शेजारी सगळे सिंधी. खाटांवर वाळणारे पापड, गल्लीतली शिलाई मशिनं आणि पत्र्यावर तापलेलं ऊन एवढंच मला बालपणाचं आठवतं. झाड आठवत नाही. म्हणून इथल्या शाळेत नोकरी लागल्यावर पहिल्या दिवशी तू मला कात्रपच्या बाजूला चालत घेऊन गेलीस, तेव्हा मी वेडीच झाले. बैठी घरं, प्रत्येक घराला अंगण, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जांभळी आणि चिंचा, वर फांदीला फांदी लागलेली. एका ठाकर बाईने पानाच्या द्रोणात जांभळं दिली. ती खात खात तू मला गाव शिकवायला सुरुवात केलीस. समोर चंदेरीचा सुळका, तिकडे मलंगगडाची रांग, स्टेशनपलीकडे नदी, नदीपलीकडे बारवीचं धरण.

"आणि आमच्या गावची गंमत माहितीये?" तू म्हणालीस. "इथे सूर्य वेस्टला उगवतो. रेल्वेने ज्याला वेस्ट म्हटलं ती बाजू खरी ईशान्येला आहे."

दरवर्षी आठवीच्या वर्गात तू हे सांगायचीस आणि दरवर्षी कोणीतरी ओरडायचं, "बाई, मग सूर्य ईस्टला डूबतो क्या?" तुला त्या ओरडण्याचीच वाट असायची.

मी तुला विचारलं होतं, बदलापूर नाव कसं पडलं. तू म्हणालीस, इथे स्वार घोडे बदलायचे, म्हणून. मी म्हटलं, "कागद दाखव." तू म्हणालीस, "कागद कशाला? सगळेच सांगतात." "सगळे सांगतात म्हणजे इतिहास नव्हे." "मग काय, घोड्यांनी सह्या करून ठेवायच्या होत्या?" आपली मैत्री तिथे झाली, त्या जांभळीखाली.

त्या कॉलनीत, तुझ्याच गल्लीच्या टोकाला, नाल्याच्या बाजूचं एक घर रिकामं होतं. मी आणि अशोक ते बघायला आलो. सेक्रेटरी काकांनी चहा दिला, घराची किल्ली दिली, अंगणातला आंबा कोणत्या जातीचा तेसुद्धा सांगितलं. मग अर्जावर लिहायला म्हणून नाव विचारलं. अशोकने सांगितलं, अशोक गायकवाड. "मूळ गाव?" तेही सांगितलं. काकांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "अहो, माझ्या लक्षातच नाही. ते घर तर आधीच दुसऱ्यांना कबूल केलंय."

घरी परतताना आम्हाला एकमेकांना समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं, तर तू पटकन म्हणालीस, "बरं झालं. ते घर नाल्याला लागून आहे. पावसाळ्यात ओल धरतं, साप निघतात. काकांनी तुझ्या भल्याचंच केलं." मी तुझ्याकडे बघत राहिले. तू डबा उघडत होतीस आणि तुझं झाकण निघत नव्हतं. मला वाटलं, ही खरंच इतकी साधी आहे. हिला कधी कोणी नाव विचारून पेन खाली ठेवलेलं नाही, म्हणून हिला फक्त नाला दिसतो.

मग तू तुझ्या घरासमोरच्या बापट आजींच्या मागे लागलीस. त्या लेकीकडे नाशिकला जाणार होत्या. तू त्यांना काय सांगितलंस, कमिटीला काय सांगितलंस, मला कळलं नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात मी त्या घरात राहायला आले, चढावरच्या, कोरड्या. पहिल्या दिवशी तुझ्या सासूबाई, माई, दारात येऊन उभ्या राहिल्या आणि विरजणाचं भांडं पुढे केलं. "नवीन घरात विरजण लागतं," एवढंच म्हणाल्या.

नाल्याकडचं घर पुढे कितीतरी वर्षं कुलूपबंद होतं. ते कोणालाही कबूल केलेलं नव्हतं. संध्याकाळी फिरायला जाताना त्याच्यावरून जायला लागलं की मी म्हणायचे, "तुझे साप मजेत आहेत ना गं?" आणि तू विषय बदलायचीस. बकुळीला बहर आलाय बघ, किंवा रस्त्याला चर पडलाय बघ. मी मनात म्हणायचे, हिला कधी दिसणार नाही. तुझ्यावर माझा जीव होता, पण माधवी, त्या एका जागी मला तुझी कीव यायची.

मग तो जुलै आला.

दिवसभर पाऊस थांबला नाही. संध्याकाळी लाईट गेली, फोन गेले. नदी मांजर्लीत घुसली एवढंच कळलं, आणि मांजर्लीत माझी ताई तळमजल्यावर राहत होती. कोणी म्हणत होतं धरण फुटलं. अशोक मुंबईत अडकला होता. उजाडलं तेव्हा मी दारातच बसलेली होते. समोरून तू साडी खोचून आलीस, हातात माईंची काठी.

"चल," म्हणालीस.

स्टेशनचा पूल ओलांडून पलीकडे उतरलो तर समोरचा रस्ता नव्हताच. पाणी होतं आणि पाण्यात रिक्षांचे टप होते. मी सरळ आत शिरायला निघाले. तू माझा दंड इतका घट्ट धरलास, की पुढे कित्येक दिवस तिथे वळ होता. "हा रस्ता नवा आहे, भर टाकून केलेला. जुनी वाट कधी सखल जागेतून जात नाही. जुन्या वाटेने जाऊ." काठी टेकत तू पुढे आणि तुझा पदर धरून मी मागे. पाणी गुडघ्यापर्यंत यायचं, ओसरायचं, पुन्हा यायचं. तू सारखी बोलत होतीस. इथे चढ आहे, इथे विहीर होती, इथून डावीकडे. त्या दिवशी पहिल्यांदा तुझा तो घंटेसारखा आवाज थांबू नये असं मला वाटलं.

ताई गच्चीवर सापडली. अंगावर ओली साडी, एका काखेत बुद्धाची छोटी मूर्ती, दुसऱ्या काखेत मिक्सर. मला पाहून पहिलं वाक्य काय, तर "भांडं खालीच राह्यलं गं मिक्सरचं." आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना. तिच्याबरोबर बिल्डिंगमधली आणि मागच्या वस्तीतली माणसं होती, लेकुरवाळ्या बायका, म्हातारी माणसं. तू मोजलं नाहीस, विचारलं नाहीस. म्हणालीस, "आमच्या कॉलनीचा हॉल मोठा आहे, कोरडा आहे. सगळे चला."

हॉलच्या दारात सेक्रेटरी काका उभे होते. त्यांनी भिजलेल्या माणसांकडे पाहिलं आणि तुला बाजूला घेतलं. मी खांबाच्या मागे ताईच्या पायातली काच काढत होते. त्यांना मी दिसले नाही.

"माधवी, अगं, इथे आपला गणपती बसतो. ही वस्तीतली माणसं, इथेच शिजवणार, इथेच झोपणार. उद्या लोक मला विचारतील." आणि मग समजूत घातल्यासारखं, "गायकवाड बाईंचं वेगळं आहे. त्या आता आपल्यातल्याच झाल्यात."

मी उभी राहिले. तुला मी दिसले. तुझा चेहरा पांढरा पडला होता. तू काकांना फक्त म्हणालीस, "किल्ली द्या." ते म्हणाले, कमिटीला विचारावं लागेल. तू वळलीस आणि सगळ्यांना घेऊन आपल्या घरी गेलीस.

माई ओट्यावर आल्या. एवढा जमाव बघून मला वाटलं, आता काय होतंय. माईंनी सगळ्यांना खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "चपला बाहेर. चिखल आहे. बाकी या आत."

पाणी ओसरेपर्यंत तुझ्या घरात आणि माझ्या घरात मिळून ती माणसं राहिली. तुझ्या देवघराच्या खोलीत एक बाळंतीण झोपली. ताईने आणि माईंनी मिळून भाकऱ्या थापल्या आणि मिठावरून भांडल्या.

सगळं निवळल्यावर मी तुला म्हटलं, आता वार्षिक सभेत मी उभी राहून हे सांगणार आहे. हॉलच्या दारात काय झालं ते, शब्दाला शब्द. तू साक्ष दे. तू म्हणालीस, "जाऊ दे ना रजनी. घाबरलेली माणसं काहीही बोलतात. तुला इथेच राहायचंय."

"म्हणजे गप्प बसून राहायचंय?"

"मी असं म्हटलं नाही."

"या वेळी तू तुझ्या कानांनी ऐकलंस, माधवी. आता नाला कुठे आहे? आणि ऐक, त्या तुझ्या सापांच्या घरात या पुरातसुद्धा पाणी शिरलं नाही. मी जाऊन बघून आले. पायरीसुद्धा भिजली नाही."

तुझ्यासारखी बाई गप्प बसली, याचाच मला जास्त राग आला. मी सभेत एकटी बोलले. लोकांनी खाली माना घालून ऐकलं आणि पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता, तो घेतला. तू मागच्या रांगेत बसली होतीस.

त्यानंतर आपण बोलेनाशा झालो. गोलाच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये आफ्रिका. खडू हवा असला तर तू शिपायाला सांगायचीस. पोरांच्या लक्षात आलंच. एकीने मला विचारलं, "बाई, तुमची कट्टी आहे का कुलकर्णी बाईंशी?" मी तिला पाढे लिहायला दिले. इतिहासाच्या तासाला पाढे!

पावसाळा सरल्यावर तुझी आठवीची सहल निघाली, नदीकाठची, दरवर्षीसारखी. सोबत जाणाऱ्या शिक्षकांत माझं नाव लागलं. मी सगळ्यांत मागे चालत होते. तू पोरांना नदीचं वळण दाखवलंस, गाळ दाखवलास, पूररेषा कुठे आली होती ते झाडांच्या बुंध्यांवर दाखवलंस. दरवर्षी तिथून तुम्ही परत फिरायचात. त्या वर्षी तू फिरली नाहीस. वस्तीच्या खालच्या अंगाला एक जुनी विहीर आहे, अर्धी बुजलेली, तिथे तू पोरांना नेलंस. वर थोड्या अंतरावर गावची मोठी विहीर दिसते.

"उताराकडे बघा," तू म्हणालीस. "वरच्या घरांचं सांडपाणी कुठे येतं? खाली. पूर आला की पाणी आधी कोणाच्या घरात? खालच्या. बरोबर? मग ही माणसं खाली का राहिली?"

एक मुलगा म्हणाला, "बाई, वर जागा नसेल."

"जागा होती."

"मग वर क्यों नाही बांधलं घर?"

"बांधू दिलं नाही," तू म्हणालीस. आवाज अगदी खाली आला होता, पोरं पुढे सरकली. "पाणी खाली जातं हा निसर्ग आहे. माणसं खाली ठेवली जातात, हा निसर्ग नाही. मी इतकी वर्षं तुम्हाला निम्माच भूगोल शिकवला. पुढचं गायकवाड बाई सांगतील."

मी तयार नव्हते. काय सांगणार होते? मग ताईच्या सासूने मला जे सांगितलं होतं तेच सांगितलं. ती लहान असताना वरच्या विहिरीपाशी घागर घेऊन लांब उभी राहायची. कोणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. एका मुलीने विचारलं, "किती वेळ उभं राहायचं?"

"कोणी येईपर्यंत," मी म्हटलं.

पोरं त्या विहिरीत वाकून बघत राहिली. आत काहीच नव्हतं, रान होतं.

परत येताना तू माझ्या बाजूने चालायला लागलीस आणि न बघता माझ्यापुढे मूठ उघडलीस. शेंगदाणे होते. मी घेतले. मला वाटलं, माधवीला अखेर दिसलं. मी जिंकले असं वाटलं मला, आता लपवून काय करू?

नंतरची वर्षं चांगली गेली. कॉलनी पाडून मोठ्या इमारती बांधायचा प्रस्ताव घेऊन बिल्डर आला तेव्हा आपण पुन्हा भांडलो, पण हे भांडण वेगळं होतं, बरोबरीचं. तू झाडांसाठी घरोघर फिरलीस. मी म्हटलं, "सावली ज्यांना आधीच मिळाली ते झाडं वाचवायला निघतात. इथे मोठ्या बिल्डिंगा झाल्या तर माझी ताई चौथ्या मजल्यावर राहील. दर पावसाळ्यात सामान माळ्यावर टाकायला नको." तू म्हणालीस, "आणि हे अंगणातलं पाणी मुरायचं थांबलं की ते कुठे जाईल? खाली. मांजर्लीत. तुझी ताई वर येईल, पण तिच्या जागी खाली कोणीतरी राहणारच ना?" मी म्हटलं, विचार करून सांगते. अजून सांगितलेलं नाही. बघ, अजून सुचलेलं नाही.

मग तुझं दुखणं निघालं.

परळच्या हॉस्पिटलात मी तुझ्याबरोबर गाडीतून यायचे. तू खिडकीशी बसून सगळा रस्ता मला शिकवायचीस, जसं काही मी आठवीत होते. अंबरनाथला म्हणायचीस, ते जुनं देऊळ नदीला धरून का बांधलं बघ. उल्हासनगरात नाल्याचं पाणी निळं दिसलं की म्हणायचीस, आज जीन्स रंगवतायत. अंगात त्राण नव्हतं, पण वर्ग सुटलेला नव्हता.

एकदा परत येताना तू ड्रायव्हरला गाडी कॅम्पात घ्यायला सांगितलीस. "रजनी, तुझं घर दाखव मला. इतकी वर्षं तू माझं गाव पाहिलंस, मी तुझं नाही पाहिलं."

बराक आता राहिली नाही. तिथे बॅगांचं दुकान आहे. दुकानातल्या सिंधी म्हाताऱ्या बाईने तुझा चेहरा पाहून काही न विचारता खुर्ची दिली, पाणी दिलं. "बैठो साईं, धूप बहोत है." मी तुला दाखवलं, इथे चूल, इथे बाबांची खाट, इथे नळाची रांग. तू डोक्याला रुमाल बांधून बसली होतीस आणि गल्लीभर नजर फिरवत होतीस.

"एक झाड नाही गं," तू म्हणालीस.

"नाहीच."

"म्हणून तुला आमच्याकडे यायचं होतं."

"हो."

तू पाण्याचा पेला खाली ठेवलास. मग म्हणालीस, "रजनी, त्या नाल्याकडच्या घराचं..." आणि तुला उमळून आलं. बाईने बादली आणली. मी तुझी पाठ चोळत राहिले. गाडीत तू डोळे मिटलेस, आणि ते वाक्य आपण पुन्हा उचललं नाही. तुला वेळ होता तेव्हा बळ नव्हतं आणि बळ आलं त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असायचं.

श्रावणात तू गेलीस. कॉलनीतले सगळे आले, ताई आली, मांजर्लीची माणसं आली. सेक्रेटरी काकाही आले, आता काठी घेऊन चालतात. कोपऱ्यात उभे राहून रडत होते. मला त्यांचा राग येईना आणि तो येत नाही याचाही त्रास होत होता.

काल दुपारी मी माईंकडे गेले. तुझे प्रकाशराव कामावर गेले होते. माई पलंगावर बसल्या होत्या, बाहेर जांभळीकडे बघत. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "माई, माधवीने मला या गल्लीत आणलं. नाल्याकडचं घर मिळालं असतं तर मी तिच्या समोर आले नसते. तिचं ते नाल्याचं कारण माझ्या पथ्यावरच पडलं."

माईंनी माझ्याकडे पाहिलं. "कसलं नाल्याचं कारण? तुला माहीत नाही?"

आणि त्यांनी सांगितलं. ज्या दिवशी काकांनी आम्हाला नाही म्हटलं, त्याच संध्याकाळी तू त्यांच्या दारात जाऊन उभी राहिलीस. आख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. नाव ऐकून घर नाकारता, लाज वाटत नाही का, म्हणालीस. काकांनी तुझ्या सासऱ्यांना बोलावून घेतलं, सुनेला आवरा म्हणाले. सासरे तुझ्यावर चिडले, पुढे किती दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. तू त्या दिवशी जेवली नाहीस. दुसऱ्या दिवसापासून बापट आजींच्या मागे लागलीस.

"मी तिला म्हटलं, सरळ सांगून टाक मैत्रिणीला काय ते," माई म्हणाल्या. "तर म्हणाली, 'नको माई. तिला इथे राहायचंय. रोज त्यांच्या दारावरून जायचंय. माहीत नसलं म्हणजे सोपं जाईल.'"

माधवी, मला माहीत होतं गं! मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पेन खाली ठेवण्याचा आवाज मी लहानपणापासून ओळखते. बाबांनी मला तो ओळखायला शिकवलं होतं, अक्षरओळखीच्या आधी. मला जे ठाऊक होतं तेच तू माझ्यापासून लपवत राहिलीस. आणि तुला काहीच ठाऊक नाही असं समजून मी तुला टोचत राहिले. त्या बंद घरावरून जाताना प्रत्येक वेळी तू बकुळ दाखवायचीस. हॉलच्या दारात तुझा चेहरा पांढरा पडला, तो पहिल्यांदा ऐकलं म्हणून नव्हे. ते तू दुसऱ्यांदा ऐकत होतीस.

मला तुझा राग आलाय. माझा अपमान माझा होता, तो झाकून ठेवायचा तुला अधिकार नव्हता. तू खरं सांगितलं असतंस तर आपण दोघी मिळून रडलो असतो, मिळून भांडलो असतो. सभेत मी एकटी उभी राहिले नसते. तू माझ्यासाठी भांडलीस आणि मला न सांगता भांडलीस, म्हणजे मला काय करता आलं असतं? साधं 'थँक यू' म्हणता आलं नाही, माधवी. तू मला वाचवायला गेलीस, आणि मला जे हवं होतं ते वाचवणं नव्हतं. पण जी बाई सासऱ्यांचा अबोला सोसते, उपाशी राहते आणि दुसऱ्या दिवशी डब्यातली लिंबाची फोड पुढे करून सापांची गोष्ट सांगते, तिच्यावर नुसतं रागावता तरी कसं येतं?

मी माईंसमोर रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग डोक्यावरचा पदर मागे सारून केसांतून बोटं फिरवत म्हणाल्या, "फणी कुठे ठेवलीये कोण जाणे. ती रोज दुपारी वेणी घालून द्यायची. ती गेल्यापासून केसांना कोणाचा हात लागला नाही."

फणी कपाटावर होती. मी त्यांच्या मागे पलंगावर बसले. पांढरे, विरळ केस, हातात धरले तर धरल्यासारखे वाटत नव्हते. गुंता सोडवला, तेल लावलं, तीन पेड घेतले आणि दुखू नये म्हणून हलक्या हाताने वेणी घातली.

माईंनी हात मागे नेऊन चाचपून पाहिलं.

"सैल झाली," म्हणाल्या. "माधवी घट्ट घालायची."

मी वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.